बावन्न आठवड्यांचं बिऱ्हाड

खोली बघायला गेलं की आधी गादीची शिवण बघायची, खिडकीतला देखावा नंतर. चादर एका कोपऱ्यातून वर करायची, गादीच्या कडेची दुमड अंगठ्याने उलगडायची आणि फोनचा टॉर्च तिथे धरायचा. शाईच्या पेनाचं टोक टेकवल्यासारखे काळपट ठिपके दिसले, तर ती ढेकणांची खूण. अशी खोली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. मग पलंगाच्या फळ्यांचे सांधे. मग नळ, थंड आणि गरम दोन्ही एकदम सोडून, कारण पाण्याचा खरा दाब तेव्हाच कळतो. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचं आणि मागची भिंत बघायची. हवा खेळत नाही तिथे बुरशी धरते, आणि ती झाकायला सगळ्यात सोयीची वस्तू म्हणजे कपाट. खिडकी एकदा उघडून लावून बघायची, दाराला आतून कडी आहे का ते बघायचं, खोलीच्या मधोमध उभं राहून फोनला रेंज किती येते ते बघायचं. सगळं मिळून दहा मिनिटं.

शिक्षणाच्या दोन टप्प्यांच्या मध्ये एक वर्ष परदेशात राहायला निघालेल्या मुलामुलींना ही दहा मिनिटं सहसा कुणी शिकवत नाही. त्यांना विचारतात, कुठे कुठे जाणार? काय काय बघणार? मग वर्षाचा नकाशा ठिपक्यांचा होतो: दोन आठवडे इथे, तीन तिथे. ‘गॅप इयर’ या नावातच एक फसगत आहे. गॅप म्हणजे फट, रिकामी जागा. पण परक्या देशात काढलेलं वर्ष रिकामं नसतं. त्याला पत्ता लागतो, भाडं लागतं, पगाराची तारीख असते, कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा हे ठरलेलं असतं. आपल्याकडे त्यासाठी नेमका शब्द आहे, बिऱ्हाड. प्रवास कुठूनही सुरू करता येतो आणि कुठेही सोडता येतो, बिऱ्हाड मात्र मांडावं लागतं आणि मोडावंही लागतं. ज्यांचं बिऱ्हाड नीट लागलं त्यांचं वर्ष नीट गेलं, असं माझं ठाम मत आहे. पुढचं सगळं त्यासाठीच.

कामाच्या आधाराने परमुलखात राहण्याची रीत जुनी आहे. जर्मन भाषक प्रदेशात उमेदवारी पूर्ण केलेले सुतार, गवंडी, छप्परं घालणारे कारागीर आजही ‘वाल्त्स’वर, म्हणजे गावोगाव काम करत फिरायला, निघतात. वय तिशीच्या आत, लग्न झालेलं नाही, डोक्यावर कर्ज नाही, अशा अटी. बाहेर राहायचं ३ वर्षं आणि १ दिवस, आणि तेवढ्या काळात आपल्या गावाच्या ५० किलोमीटरच्या आत यायचं नाही. या रिवाजातला कळीचा भाग म्हणजे पायपीट, असं वाटतं. पण ती पायपीट कामापर्यंत पोचण्यासाठी असते. काम मिळालं की झोपायला जागा मिळते, शेजार मिळतो, तिथली बोली कानावर पडते. परक्या गावात माणसाला जागा मिळते ती बहुतेक वेळा तिथे त्याच्या हातांची गरज असते म्हणून.

आजच्या तरुणांसाठी हीच वाट सरकारी कागदावर आली ती ‘वर्किंग हॉलिडे’ व्हिशाच्या रूपाने. ऑस्ट्रेलियाने तो १९७५ मध्ये सुरू केला. जपानने असा पहिला करार १९८० मध्ये ऑस्ट्रेलियाशीच केला. पुढे न्यूझीलंड, कॅनडा आणि युरोप-आशियातले बरेच देश आले. वयाची अट साधारण १८ ते ३०, काही पासपोर्टांना ३५. कोणत्या देशाच्या नागरिकाला कुठे आणि किती जागा, हे दोन देशांमधल्या करारावर ठरतं, म्हणून मित्राला मिळालेला व्हिसा आपल्यालाही मिळेल हे गृहीत धरू नये.

नाव सगळीकडे सारखं असलं तरी अटी वाचल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, कारण वर्षाचा आकार अटी ठरवतात. ऑस्ट्रेलियाच्या या व्हिशावर एका मालकाकडे साधारणपणे ६ महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही आणि शिकता येतं फक्त ४ महिने. म्हणजे वर्षाचे दोन तुकडे आधीच पडलेले असतात, ते डोळे उघडे ठेवून पाडावेत. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल, तर बहुतेक पासपोर्टधारकांना पहिल्या वर्षात ३ महिने ठरावीक प्रकारचं, बहुधा शेतावरचं, काम करावं लागतं. त्यालाच सगळे ‘८८ दिवस’ म्हणतात. ते काम ठरवून दिलेल्या पिनकोडमधलं असावं लागतं. अनेकांचा घोटाळा इथेच होतो. शेत असतं खरं, पण पिनकोड यादीत नसतो. किंवा पाऊस पडून काम बंद राहिलेले दिवस हिशेबात धरलेले असतात. किंवा पगारपत्रकंच नसतात आणि अर्ज करताना दाखवायला काही उरत नाही. कामाच्या पहिल्या दिवशी यादीतला पिनकोड तपासायचा, आणि दर आठवड्याचं पगारपत्रक मिळेल त्याच दिवशी साठवून ठेवायचं.

कॅनडाची मेख विम्यात आहे. कामाचं परमिट १२ महिन्यांचं मंजूर झालं, पण सीमेवर विमा ६ महिन्यांचाच दाखवला, तर अधिकारी परमिट ६ महिन्यांचंच देऊ शकतो, आणि ते नंतर वाढवून मिळत नाही. थोडे पैसे वाचवायला म्हणून अर्ध्या वर्षाचा विमा घेतला आणि अर्धं वर्षच गेलं, असं होतं ते यामुळे.

युरोपातल्या शेंगेन देशांत, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या देशांत, पर्यटक म्हणून राहण्याचा नियम १८० दिवसांत ९० दिवसांचा, आणि तो जितका सोपा वाटतो तितकाच चकवा देतो. इथे ठरावीक तारखेला खातं पुन्हा शून्यावर येत नाही. राहण्याच्या प्रत्येक दिवशी मागे वळून गेले १८० दिवस मोजायचे आणि त्यात आतले दिवस ९० च्या वर जात नाहीत ना ते बघायचं. चार दिवस बाहेर जाऊन परत आलं की नव्याने ९० मिळतात, हा समज चुकीचा आहे. शिवाय ९० दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर मिळून ९२ होतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सीमांवर चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन येण्या-जाण्याची नोंद यंत्रात करायला सुरुवात झाली आहे. शिक्का पुसट उमटला म्हणून दोन दिवस निभावले, तो काळ संपला.

आता त्या कामाबद्दल, ज्याला काम म्हणत नाहीत. शेतावर रोज काही तास राबायचं आणि बदल्यात जेवण व झोपायला जागा, ही ‘वूफ’ची कल्पना १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये निघाली आणि जगभर पसरली. पैसा हातात येत नाही, म्हणून हे काम नव्हे, असं मुलं धरून चालतात. अनेक देशांचा कायदा तसं धरत नाही. जेवण आणि निवारा हाही मोबदलाच. पर्यटक म्हणून उतरलेला मुलगा विमानतळावर मोकळेपणाने सांगतो, “एका शेतावर मदत करणार आहे, राहायला तेच देणार आहेत”, आणि पुढच्या विमानाने परत जातो. खोटं बोलणं हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण फोनमधले निरोप बघितले जाऊ शकतात. ज्या व्हिशावर हे चालतं तो घेऊन जाणं, एवढाच उपाय आहे.

स्वयंसेवेचं मी अधिक सावधपणे सांगेन. ब्रिटनमध्ये १९५८ साली ‘व्हीएसओ’ ही स्वयंसेवक पाठवणारी संस्था सुरू झाली तेव्हा शाळा नुकतीच संपवलेली मुलं परदेशी पाठवली जात. पुढे ती संस्था अनुभवी, शिकलेल्या माणसांकडे वळली. त्यात सगळ्यांनी विचार करावा असं काही आहे: अठराव्या वर्षी आपल्याला जे येत नाही, ते परक्या देशातल्या गरिबांना शिकवायचा हक्क आपल्याला कुठून आला? अनाथाश्रमात काही आठवडे मुलांशी खेळायला जाण्याचा बेत तर कुणी आखूच नये. कंबोडियात २०११ च्या सुमारास झालेल्या पाहणीत अशा संस्थांमधल्या चारातल्या सुमारे तीन मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं दिसलं. पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून मुलं घरातून उचलून आणली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना या प्रकारालाही त्यात धरलं. दर पंधरवड्याला नवा ताई-दादा येतो, जीव लावतो आणि निघून जातो. त्या लेकरांवर याचं काय होतं, हे समजायला पाहणी लागू नये.

चांगली वाट नाही असं नाही. युरोपीय संघाच्या ‘युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर’ या स्वयंसेवा योजनेत १८ ते ३० वयाच्या तरुणांना २ ते १२ महिन्यांचं काम मिळतं. राहणं, जेवण, विमा आणि थोडा खिशातला खर्च मिळतो, आणि यजमान संस्था आधी तपासलेली असते. कुठलीही संस्था निवडताना तीन प्रश्न विचारावेत. मी गेल्यावर हे काम कोण करणार? माझ्या जागी गावातलाच कुणी पगारावर का ठेवला नाही? मी भरतो त्या पैशातले गावात किती जातात? सरळ उत्तर मिळालं नाही, तर तेच उत्तर समजावं.

ओ-पेअर, म्हणजे यजमान कुटुंबात राहून मुलं सांभाळणं, हा भाषा शिकायचा जुना मार्ग. युरोप परिषदेने त्यावर १९६९ मध्ये करारही केला. जर्मनीत मर्यादा दिवसाला ६ आणि आठवड्याला ३० तासांची. अमेरिकेत दिवसाला १० आणि आठवड्याला ४५. या दोन आकड्यांतला फरक मोठा आहे. पहिल्यात भाषेच्या वर्गाला वेळ उरतो, दुसऱ्यात तो ओढून काढावा लागतो. भांडणं मात्र दोन्हीकडे एकाच गोष्टीवरून होतात. मुलं झोपल्यावर घरात थांबणं हे काम की नाही? जाण्याआधी विचारून, लिहून घ्यावं. घरातली ताई म्हणून ठेवलेल्या मुलीकडे हळूहळू सगळ्यांची धुणी, मग भांडी, मग आजींचं बघणं येतं, आणि ‘आपण एकाच घरातले ना’ या वाक्यापुढे तिला बोलता येत नाही. लिहिलेला कागद तेव्हा तिच्या वतीने बोलतो.

पैशांचा हिशेब सरळ मांडू. निघताना हातात हवं ते असं: अनामत, पहिल्या महिन्याचं भाडं, किमान ६ आठवड्यांचा खर्च, आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात, कसलाही हात न लावता. अनामत सगळ्यात जड. जर्मनीत ती मूळ भाड्याच्या तिप्पट असू शकते, पण कायद्याने ती तीन हप्त्यांत देण्याची मुभा आहे. ही मुभा माहीत नसल्यामुळे मुलं उसने पैसे काढतात. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात कमाल ४ आठवड्यांचं भाडं, आणि ते सरकारी खात्यात जमा व्हावं लागतं. जपानमध्ये तर घरमालकाला परत न मिळणारी भेट देण्याची प्रथा अजून काही ठिकाणी आहे, म्हणून एका वर्षासाठी तिथे शेअर हाउस बरं. सहा आठवडे कशाला, असं वाटेल. काम शोधण्यात तीन-चार जातात आणि पहिला पगार काम केल्यानंतर एक-दोन आठवड्यांनी येतो, काही ठिकाणी महिन्याने. या मधल्या दिवसांत खिसा रिकामा झाला की माणूस मिळेल ते काम धरतो, मिळेल त्या खोलीत राहतो, आणि ते दोन्ही सोडवायला पुढे तीन महिने लागतात.

एक बारीक गोष्ट, पण तिने भल्याभल्यांना रडवलं आहे. आपल्या बँकेचा ओटीपी मायदेशातल्या नंबरवर येतो. परदेशी सिम घातलं, जुनं ड्रॉवरमध्ये टाकलं, ते रिचार्जविना बंद पडलं की आपलेच पैसे आपल्याला काढता येत नाहीत, आणि नंबर परत मिळवायला स्वतः हजर राहावं लागतं. जुनं सिम रोमिंगसह चालू ठेवायचं, नवं ई-सिम घ्यायचं. कार्डं दोन, वेगवेगळ्या बँकांची, आणि दोन्ही एका पाकिटात ठेवायची नाहीत. दुकानातलं यंत्र ‘तुमच्या चलनात घेऊ का’ विचारतं तेव्हा नेहमी तिथलंच चलन निवडायचं, नाहीतर यंत्रवाला आपल्या दराने मधल्या मध्ये कापून घेतो.

खोली इंटरनेटवरून बघताना घाई हे फसवणाऱ्याचं भांडवल असतं. फोटो हॉटेलसारखे, भाडं आजूबाजूच्यापेक्षा बरंच कमी, मालक ‘सध्या परदेशी’ आणि किल्ली कुरियरने, पण आधी अनामत पाठवा. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी पुढे जायचं नाही. फोटोच इंटरनेटवर टाकून तो आणखी कुठे आहे हे शोधलं की तोच फोटो बहुधा दुसऱ्याच शहरातल्या जाहिरातीत सापडतो. पहिले दहा-बारा दिवस हॉस्टेलमध्ये काढावेत, खोली पायाने जाऊन बघावी. शिरताना प्रत्येक भिंतीचा, डागाचा, मीटरच्या आकड्याचा फोटो काढून तो त्याच दिवशी मालकाला ईमेल करावा. फोनमध्ये पडून राहिलेल्या फोटोपेक्षा पाठवलेल्या फोटोला वजन असतं, कारण त्यावर तारीख आणि मालकाचा पत्ता दोन्ही येतं.

खोली मिळाली की कागदांची साखळी सुरू होते, आणि जर्मनीत ती सगळ्यात स्वच्छ दिसते. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पालिकेत पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घर देणाऱ्याची सही असलेला कागद लागतो. काही आठवड्यांसाठी पोटभाड्याने दिलेल्या खोल्यांचे मालक तो द्यायला बघत नाहीत, म्हणून खोली ठरवतानाच विचारायचं. नोंदणी झाल्यावर कर-क्रमांक टपालाने येतो. तो येईपर्यंत मालक पगारातून सगळ्यात चढ्या वर्गाने कर कापू शकतो. आणि टपाल येतं ते पेटीवर नाव असेल तरच! तिथे पोस्टमन घर क्रमांकावर भागवत नाही, आडनाव शोधतो. पेटीवर आपलं नाव नसलं की पत्र परत जातं. महिनाभर कार्यालयात खेटे घालणाऱ्या मुलाची अडचण कितीदा चिकटपट्टीवर आडनाव लिहून पेटीला लावल्यावर सुटते. न्यूझीलंडमध्येही कर-क्रमांक न देता कामाला लागलं तर ४५ टक्के कर कापला जातो. जपानमध्ये पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत पालिकेत जावं लागतं.

औषधं आणि लसी यांना मी तारखेने बांधेन, कारण त्यांना घाई चालत नाही. हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रा नेहमीच्या क्रमाने ०, १ आणि ६ महिन्यांवर असतात, म्हणजे सुरुवात निघण्याच्या सहा महिने आधी. यलो फीव्हरचा दाखला लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो, आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. नेहमीचं औषध असेल तर त्याचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी हवी, कारण कंपनीचं नाव सीमेपलीकडे कुणाला कळत नाही. आणि ते औषध तिथे चालतं का, हे आधी विचारायचं. एडीएचडीवरची (लक्ष न टिकण्याच्या त्रासावरची) अँफेटामाइन असलेली औषधं जपानमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना मायदेशातच काढावा लागतो, आणि तो रस्ते-वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारातला की १९६८ च्या, ते बघावं. जपान फक्त पहिला मानतं. परवान्याशिवाय स्कूटर चालवताना पडलं तर बहुतेक विमे हात वर करतात.

काम मिळालं की तीन गोष्टी पक्क्या करायच्या. पगारपत्रक दर वेळी. ऑस्ट्रेलियात ते पगारानंतर एका कामाच्या दिवसात देणं मालकावर बंधनकारक आहे. फळं तोडायला किलोवर किंवा पेटीवर दर लावत असतील, तरी २८ एप्रिल २०२२ पासून तिथल्या फळबागांमध्ये तासाच्या किमान वेतनाची हमी आहे. पेट्या कमी भरल्या म्हणून तासाचा हिशेब बुडत नाही. पासपोर्ट कुणाकडेही ठेवायला द्यायचा नाही, ‘नोंदणीसाठी’ म्हणूनही नाही. प्रत द्यावी. आणि काम देणाराच राहायला जागा देऊन भाडं पगारातून कापत असेल, तर पगार आणि भाडं यांचे वेगळे आकडे लिहून घ्यावेत. काम कमी, भाडं पूर्ण, आणि सोडून जावं तर अनामत अडकलेली, असा फास हळूच आवळला जातो.

एवढं सगळं मार्गी लागलं की बहुतेकांना वाटतं आता मजा. आणि नेमकं तेव्हाच मन खचतं.

परदेशी गेलेल्या माणसाची उमेद आधी चढते, मग उतरते, मग पुन्हा चढते, असं स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या अभ्यासकांशी बोलून १९५५ मध्ये मांडलं. त्या आलेखाचा आकार यू अक्षरासारखा. ‘कल्चर शॉक’ हा शब्द रूढ केला कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० मध्ये. पुढच्या अभ्यासांनी त्या यूवर बरेच आक्षेप घेतले. अनेकांना सगळ्यात कठीण जातात ते पहिलेच आठवडे. मला दोन्हींत तथ्य दिसतं, पण मी महिना मोजण्यापेक्षा कागद मोजेन. पहिल्या आठवड्यांत रोज एक काम असतं: नोंदणी, बँक, खोली, नोकरी. दमायला होतं, पण दिवसाला कणा असतो. शेवटचा कागद हातात पडला की कणा निघून जातो. कामावरून परत आल्यावर दार उघडायचं, दिवा लावायचा, आणि तुम्ही कसे आहात हे विचारणारं त्या शहरात कुणी नसतं. त्यात उत्तरेकडचा हिवाळा असेल तर भर पडते. स्टॉकहोममध्ये डिसेंबरच्या मध्यात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. कामावर जाताना अंधार, येताना अंधार.

यावर मला सगळ्यात उपयोगी वाटलेला आकडा मैत्रीचा आहे. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात ओळखीचं माणूस साधा मित्र व्हायला एकत्र घालवलेले सुमारे ५० तास लागतात, नुसता ‘साधा’ न राहता मित्र व्हायला ९० च्या आसपास, आणि जवळचा मित्र व्हायला २०० च्या वर. आता मांडा हिशेब. आठवड्यातून एकदा दोन तास भेटलात, तर ५० तासांना २५ आठवडे लागतात. अर्धं वर्ष! आणि दर दोन महिन्यांनी शहर बदललं की काटा पुन्हा शून्यावर. भटकत राहिलेल्या मुलांना शेकडो ओळखी होतात आणि तरी रडावंसं वाटलं तर फोन करायला नंबर नसतो, याचं कारण त्यांच्या स्वभावात नाही, या तासांत आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की बावन्नपैकी निदान तीस आठवडे एकाच पत्त्यावर काढावेत. एकटी स्वस्त खोली आणि थोडी महाग पण चार जणांचं स्वयंपाकघर असलेली खोली यांत दुसरी घ्यावी, कारण तिथे रात्रीचं जेवण उरकता उरकता तास जमा होतात. ज्या गोष्टीला दर आठवड्याला त्याच वारी तीच माणसं येतात अशी एक गोष्ट धरावी: गायनवृंद, फुटबॉल, वाचनालयातला भाषा-गट, काहीही. पहिल्या तीन वेळा कुणी फारसं बोलणार नाही. चौथ्या वेळी कुणीतरी नावाने हाक मारतं. तिसऱ्या वेळेनंतर जाणं सोडलं तर ती हाक ऐकायला मिळत नाही, आणि बहुतेक जण नेमके तिसऱ्या वेळेनंतरच सोडतात.

घरी फोन रोज करायचा की आठवड्याने? पहिल्या पंधरवड्यात रोज चालेल, आईवडिलांच्याही जिवाला बरं. नंतर रोजचा तासभराचा व्हिडिओ कॉल आपल्याला मनाने तिथेच ठेवतो. इथली संध्याकाळ तिथल्या घरात जाते. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, पोटभर बोलावं, आणि मधल्या दिवसांत दोन ओळींचा निरोप. एक मात्र घरच्यांनी आणि मुलांनी आधीच बोलून ठेवावं: अर्ध्यातून परत यावंसं वाटलं तर यायचं. परतीचे वेगळे ठेवलेले पैसे याचसाठी आहेत. ते आहेत हे माहीत असलं की उलट राहणं सोपं जातं.

भाषेबद्दल थोडक्यात. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या भाषाशाळेत इंग्रजी बोलणाऱ्याला स्पॅनिशसाठी साधारण सहा-सातशे वर्गतास धरतात आणि जपानीसाठी दोन हजारांच्या वर. वर्षभर रोज दोन तास दिले तर ७०० च्या आसपास होतात. म्हणजे एका भाषेत वर्ष पुरतं, दुसरीत ते पहिली पायरी ठरतं. दुसरीतही निराश व्हायचं कारण नाही, पण अपेक्षा त्या मापाने धरावी. कामावरचा पहिला शब्दसाठा पाठ करावा तो ‘पुन्हा सांगा’, ‘हळू बोला’ आणि ‘मला समजलं नाही’ यांचा. समजल्यासारखी मान हलवण्याची सवय लागली की सहा महिन्यांनीही भाषा तिथेच राहते, आणि कामावर अपघात होतात ते याच सवयीने.

बिऱ्हाड मोडायला मांडण्याइतकाच वेळ लागतो. शेवटचे चार आठवडे त्यासाठी राखून ठेवावेत. खोली सोडायची नोटीस लेखी, ठरलेल्या मुदतीआधी. जर्मनीत देश सोडताना पत्त्याची नोंद काढून घ्यावी आणि त्याचा कागद जपावा, प्रत्येक घरामागे लागणारं रेडिओ-टीव्हीचं शुल्क बंद करायला तोच लागतो. मालकाकडून कामाचं पत्र निघण्याआधी घ्यावं, नंतर व्यवस्थापक बदलतो आणि कुणी ओळखत नाही. ऑस्ट्रेलियात मालकाने भरलेला निवृत्तिनिधी देश सोडून व्हिसा संपल्यावर मागता येतो, पण या व्हिशावाल्यांच्या रकमेतून ६५ टक्के कर जातो, त्यामुळे त्या पैशांवर पुढचे बेत आखू नयेत. बँक खातं मात्र लगेच बंद करू नये. अनामत, कराचा परतावा, शेवटचा पगार, सगळं जमा व्हायला दोन-तीन महिने लागतात.

परत गेल्यावर मन पुन्हा एकदा उतरतं, हे गलाहॉर्न दांपत्याने १९६३ मध्येच मांडलं होतं. लिसगार्ड यांच्या यूला त्यांनी दुसरा यू जोडला. घर तेच असतं, आणि वर्षभराचं ऐकायला लोकांकडे पाच मिनिटं असतात. पहिल्या महिन्यात तिथल्या एकदोघांशी ठरवून बोलणं चालू ठेवावं.

आणि शेवटच्या आठवड्यात, खोली रिकामी करून मीटरचा फोटो काढला की तासभर बसून एक कागद लिहावा, आपल्या जागी येणाऱ्यासाठी. काच, कागद आणि ओला कचरा कोणकोणत्या वारी. गरम पाणी सकाळी सातनंतर कमी पडतं. हीटरची खुंटी तीनच्या पुढे नेली तरी खोली जास्त तापत नाही, बिल तेवढं वाढतं. तळमजल्यावरच्या काकू पार्सल घेऊन ठेवतात, पण दुपारी दोन ते चार बेल वाजवायची नाही. कपाट भिंतीला चिकटवू नकोस, मागे ओल धरते. टपालपेटीवर नाव लाव. दाराला किल्ली दोनदा फिरवावी लागते, एकदा फिरवली तर कुलूप लागल्यासारखं वाटतं पण लागत नाही.